चव्वेचाळीस नंबरचे बूट

आमच्या बेटावर शाळा दहावीपर्यंतच.
चौदा मुलं, दोन शिक्षक, एक घंटा, तीही गंजलेली.
दहावी झाली की बोट पकडायची,
बोडोला खोली घ्यायची,
सोळाव्या वर्षी स्वतःचे मोजे स्वतः धुवायचे.
यंदा सिवर्टची पाळी.

मी मधली. इंगविल. वय अकरा.
भांडण झालं की "तू तरी समजून घे",
आणि केक कापला की "तू लहान आहेस, एकच".

शेंडेफळ म्हणजे तूवा. एक वर्ष दहा महिने.
तिचा एकच धंदा, इकडची वस्तू तिकडे.
चमचा वॉशिंग मशीनमध्ये,
बाबांचा चष्मा बटाट्यांच्या टोपलीत,
आणि उरलेलं सगळं जग
सिवर्टच्या बुटांत.
रबरी, गुडघ्यापर्यंत, चव्वेचाळीस नंबरचे.
तिच्या लेखी त्या दोन विहिरीच.
वाकून आत बघायची, हाक मारायची,
"इवत!"
आणि थांबायची, बूट काय म्हणतोय ते ऐकायला.
मग स्वयंपाकघरातून तो जाड आवाज काढायचा,
"कोण आहे?"
दिवसातून वीस वेळा.
त्याला कंटाळा नाही, तिला तर नाहीच.
मला यायचा. तेव्हा यायचा.

आदल्या संध्याकाळी
दहा वाजले तरी उजेड खिडकीतून हलेना.
आई मासळीच्या कारखान्यातून आली
ती केसांवरची जाळी तशीच ठेवून
त्याचे उशीचे अभ्रे मोजायला बसली.
दोन. परत मोजले. दोनच.
बाबा म्हणाले, वाफल करूया.
पहिला करपला, दुसरा चिकटला,
तिसऱ्यावर तूवा बसली.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो, जरा जास्तच.

सकाळी सहा चाळीसची बोट.
धक्क्यावर त्याने तूवाला उचललं,
माझ्या डोक्यावर टपली मारली,
आईकडे बघायचं टाळलं.

दुपारी टेबलावर आम्ही दोघीच.
तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात.
दोघींत काहीच बिघडेना.
दूधसुद्धा सांडलं नाही.

रात्री मात्र तूवाची चोखणी सापडेना.
तिने घर डोक्यावर घेतलं.
सोफ्याच्या फटी, लाकडांची पेटी, फ्रीज,
मांजराची टोपली, मांजराखाली,
सगळं उलटंपालटं.
बाबांनी दुकानवाल्या गेर्डला उठवलं,
तिने नाइटगाउनवर कोट चढवून दार उघडलं.
निळी होती. नवी कोरी.
तूवाने तोंडात घेतली, विचार केला,
आणि थुंकली.

सव्वाअकराला फोन.
"इथे सगळं ठीक आहे," सिवर्ट म्हणाला,
कुणी विचारायच्या आत.
मग थोडा वेळ नुसता श्वास.
मग, "पाऊस आहे. कचरा टाकायला खाली जायचं होतं,
बूट घातला,
तर अंगठ्याला काहीतरी मऊ लागलं."

आई हसली, आणि हसता हसता नळ सोडला,
भांडी नव्हती तरी.
बाबांनी फोन तूवाच्या कानाला लावला.
"कोण आहे?" जाड आवाजात.
तिचं रडणं मधेच तुटलं.
फोन उलटा करून तिने मागे पाहिलं.
मग तुरुतुरु दाराशी गेली,
जिथे बुटांच्या खाऱ्या पाण्याचे
दोन पांढरे डाग वाळले होते,
तिथे बसली, वाकली,
आणि जमिनीला हाक मारली.

पहाटे ती तिथेच झोपली, सतरंजीवर,
माझा मोजा तोंडात धरून.

चोखणी बाबा पुढच्या बोटीने मागवणार होते.
आई म्हणाली, राहू दे तिकडे.

आता कुणी विचारत नाही, म्हणून सांगते.
मी पाहिलं होतं.
सव्वासहा वाजता, सगळे बॅगा उचलत असताना,
ती डाव्या बुटावर वाकली होती.
काढायला एक क्षण पुरला असता.
मी बूट पिशवीत घातले
आणि पिशवीची नाडी बांधली,
दोन गाठी मारून.